घोडं पळायलंय, पण पैसा येईना



या वेळी किराणा, मसाले, पापड काहीच नाही. या वेळी घोडा. हसू नका, कारण हा प्रश्न एका पोराच्या एक एकर जमिनीचा आहे.

पुसेगाव म्हटलं की बऱ्याच जणांना साताऱ्याकडचं सेवागिरी महाराजांचं पुसेगाव आठवतं. मी म्हणतोय ते आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. तिथला एक सव्वीस वर्षांचा पोरगा मला भेटला. त्याच्याकडे एक घोडी आहे, माळेगावच्या यात्रेतून आणलेली. लग्नाच्या हंगामात वरातीला नेतो, बाकी वर्षभर आजूबाजूच्या यात्रांत शर्यतीला आणि चालीच्या स्पर्धांना उतरवतो. म्हणाला, "सर, घोडं चांगलं पळायलंय, पण पैसा येईना. स्पॉन्सर कसा धरायचा ते सांगा. आणि एक एकर काढून दुसरं घोडं घ्यावं म्हणायलोय, खास खेळाचं. तीन लाखांपर्यंत."

मी आधी त्याची वही मागितली. वही होती, हे त्याचं कौतुक. निम्म्या धंदेवाल्यांकडे ती पण नसते.

वहीत काय होतं बघा. घोडीचा खुराक म्हणजे हरभरा, चुनी, कडबा, गवत मिळून रोजचे साधारण अडीचशे रुपये. वर्षाचे झाले ९१ हजार. नाल, लस, जंताचं औषध, डॉक्टर, खोगीर-लगामाची डागडुजी हे सगळं धरून अजून २४ हजार. म्हणजे घोडी नुसती दावणीला उभी राहिली तरी वर्षाला १ लाख १५ हजार खाते. जमेची बाजू: बावीस वराती, सरासरी साडेचार हजारांनी ९९ हजार. शिवजयंती आणि बाकीच्या मिरवणुका मिळून २० हजार. एकूण १ लाख १९ हजार. चार हजार शिल्लक. त्यात त्याची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही, पण ते असू द्या.

आता खेळ. वर्षभरात दोन बक्षिसं, ११ हजारांचं एक आणि ५ हजारांचं एक, शिवाय तीन ढाली. टेम्पो, प्रवेश फी, सोबतच्या पोरांचं खाणंपिणं मिळून खर्च २७ हजार. म्हणजे खेळात ११ हजारांचा खड्डा. वरातीने चार हजार मिळवले, खेळाने ते खाऊन वर सात हजार अंगावर आणले.

आणि याला वरातीची लाज वाटते! "वरातीचं घोडं म्हणतेत सर लोक." अरे बाबा, त्या वरातीवर तर तुझा खेळ चाललाय. तूच आहेस तुझा पहिला स्पॉन्सर.

मग मी त्याला विचारलं की आतापर्यंत किती जणांना भेटलास? म्हणाला, चौदा जणांना पत्र दिलं. पत्र दाखवलं. "महोदय, मी एक होतकरू घोडेस्वार असून माझी आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे. तरी आपण मला मदत करावी ही नम्र विनंती." खाली घोडीचा फोटो. हिंगोलीतल्या एका दुकानदाराने पाचशे रुपये हातात ठेवले आणि चहा पाजला. बाकी तेरा जणांनी "बघू" म्हटलं.

मला विचाराल तर घोडं इथेच पेंड खातंय. हे पत्र म्हणजे वर्गणीची पावती आहे. वर्गणी माणूस देवाला देतो, गणपतीला देतो, आजारपणाला देतो. एकदा देतो आणि विसरतो. स्पॉन्सरशिप ही वर्गणी नाही, विक्री आहे. समोरचा माणूस पैसे देतो आणि बदल्यात काहीतरी घेतो. त्या पत्रात घ्यायला काय होतं? पोराची हलाखी. ती कोण विकत घेणार?

मोठ्या लोकांचं उदाहरण घेऊ, कारण पोराच्या डोक्यात तेच बसलं होतं. फवाद मिर्झा टोकियो ऑलिम्पिकला गेला, इव्हेंटिंगमध्ये अंतिम फेरी गाठून तेविसावा आला. त्याआधी २०१८ च्या एशियाडमध्ये त्याला वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यं मिळाली होती. त्याच्यामागे बंगळुरूची एम्बसी ही बांधकाम कंपनी उभी होती. पोरगा म्हणाला, बघा, कंपनीने पैसा लावला ना! लावला. पण काय लावलं ते नीट बघ. ज्या घोड्यावर तो टोकियोत उतरला तो घोडा कंपनीचा. त्या कंपनीची स्वतःची रायडिंग स्कूल आहे, मालकाला घोड्यांचं वेड आहे. असा स्पॉन्सर पत्र पाठवून मिळत नाही. शिवाय घोडा ज्याचा, शेवटचा शब्द त्याचा, हा नियम युरोपातही तोच आणि पुसेगावातही तोच.

२०२३ च्या हांगझोऊ एशियाडचं घ्या. ड्रेसाजमध्ये भारताने सांघिक सुवर्ण घेतलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर घोडेस्वारीतलं पहिलं सुवर्ण. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. छाती फुगावी अशीच गोष्ट. पण हे चौघेही वर्षानुवर्षं युरोपात राहून तयार झाले, घोडे तिथले, प्रशिक्षक तिथले, आणि त्यामागे घरच्यांचा मोठा पैसा. आपल्याकडे या खेळात वरपर्यंत जाणारी माणसं एकतर अशा घरांतून येतात किंवा लष्करातून, जिथे घोडा सरकारी असतो. मी हे पोराला नाउमेद करायला सांगितलं नाही. पदकाचा रस्ता आणि कमाईचा रस्ता हे या खेळात दोन वेगळे रस्ते आहेत, एवढं कळलं की एक एकर वाचते.

कमाईचा रस्ता बघायचा तर पुण्याच्या पूनावालांकडे बघा. त्यांचा घोड्यांचा स्टड फार्म होता, रेसचे घोडे तयार करायचे. रेसमधून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिनला जायचे, तिथे घोड्याच्या रक्तातून लस-औषधांसाठी सिरम काढायचे. सायरस पूनावालांच्या डोक्यात आलं की घोडे आपले, मग सिरम आपणच का काढू नये? १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढचं कोरोनात सगळ्यांनी पाहिलं. आणि आता मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या इंडियन डर्बीला पूनावालांच्याच घरातलं नाव लागतं. आधी वर्षानुवर्षं तिथे मॅकडॉवेल होतं. म्हणजे घोडे विकणारं घर पुढे घोड्यांच्या शर्यतीचं स्पॉन्सर झालं. पैसा शर्यतीच्या बक्षिसातून नाही आला. घोड्याच्या शेजारच्या धंद्यातून आला.

तुम्ही म्हणाल, सर, आमच्याकडे कुठला आलाय सिरम! बरोबर. आपल्याकडे शेजारचा धंदा कोणता ते बघू.

बैलगाडा शर्यतीचं अर्थकारण जवळून बघितलंय का कोणी? डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि तेव्हापासून बक्षिसाला ट्रॅक्टर काय, चारचाकी काय, सगळं लागायला लागलं. बाहेरून वाटतं मालक बक्षिसावर जगतात. जगत नाहीत. बक्षीस दहा जणांत वाटलं जातं, गुलालात जातं. खरी कमाई म्हणजे जिंकलेल्या बैलाची वाढलेली किंमत. घोड्याचंही तेच. नावाजलेल्या नर घोड्याकडे लोक लांबून घोडी घेऊन येतात आणि त्याचे पैसे मोजतात. नावाजलेल्या घोडीचं शिंगरू जन्मायच्या आधी बोललेलं असतं. अकरा महिने थांबायची तयारी पाहिजे फक्त. म्हणून मी पोराला म्हटलं, ढाली भिंतीवर लावू नकोस नुसत्या. कुठल्या यात्रेत, किती घोड्यांत, कितवा नंबर, तारीख, व्हिडिओ, हे सगळं एका फाइलमध्ये लाव. ती फाइल म्हणजे घोडीची किंमत.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट हेही घेतले. पैदाशीचा उद्योग उभा करायचा असेल तर भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान, जास्तीत जास्त ५० लाख. वैयक्तिक अर्जदार, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी सगळ्यांना. पण नीट वाचा: हे पैदाशीच्या उद्योगाला आहे, शर्यतीच्या हौसेला नाही. त्याला प्रकल्प अहवाल लागतो, जागा लागते, उरलेल्या पैशाची सोय दाखवावी लागते. पन्नास लाखांचा आकडा ऐकून लगेच जमीन काढू नका. घोड्यात आधी दोन-तीन वर्षं वहीत नफा दाखवा, मग बँकेच्या दारात जा.

आता मूळ प्रश्न, स्पॉन्सर.

माझं मत सरळ आहे. स्पॉन्सर घोडा विकत घेत नाही, घोड्याभोवती जमणारी माणसं विकत घेतो. सारंगखेड्याचं बघा. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार शेकडो वर्षं भरतोय. तेव्हा कुणी स्पॉन्सर नव्हता. माणसं येत होती, घोडे येत होते, गर्दी पक्की होती. मग चेतक फेस्टिव्हल झाला, पर्यटन खात्याने हात दिला, नाव देशभर गेलं. आधी गर्दी, मग पैसा. आपल्याकडे माळेगाव आहेच. नांदेडच्या पुढे, लोहा तालुक्यात, खंडोबाची यात्रा, मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमाराला. घोडे, गाढवं, उंट, कुस्त्या, लावणी. नांदेड जिल्हा परिषद तिथे अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन भरवते. आजूबाजूच्या जिल्ह्यांतला शेतकरी तिथे असतो, आणि खिशात सोयाबीनचा पैसा असतो. याहून चांगली गर्दी कुठल्या कंपनीला पाहिजे?

तुम्हाला एक जुनं उदाहरण देतो, मला फार आवडतं. आळंदीच्या वारीत माउलींचे अश्व कुणाचे? अंकलीच्या शितोळे सरकारांचे. ती भक्ती आहे, सेवा आहे, जाहिरात नाही, हे आधीच सांगतो, उगाच कुणी अंगावर येऊ नका. पण विचार करा, बेळगावकडच्या अंकली या गावाचं नाव महाराष्ट्रातल्या वारकऱ्याला का माहीत आहे? रिंगणात धावणाऱ्या अश्वांमुळे. घोडा जिथे धावतो तिथे त्याच्यामागचं नाव लोकांच्या तोंडी राहतं. दुकानदाराला नेमकं हेच पाहिजे असतं.

म्हणून पोराला सांगितलं, मुंबई-पुण्याच्या कंपन्या विसर. तुझा स्पॉन्सर सेनगावच्या आणि हिंगोलीच्या बाजारपेठेत बसलाय. कृषी सेवा केंद्र, ट्रॅक्टरचं शोरूम, हळदीचा अडत्या, लग्नाचे कपडे विकणारा, मंगल कार्यालयवाला, दाल मिलवाला. यातला प्रत्येक जण दरवर्षी फ्लेक्सवर, कॅलेंडरवर, रिक्षाच्या भोंग्यावर पैसे घालवतोच. जाऊन आधी एवढंच विचार: "मालक, मागच्या वर्षी जाहिरातीवर किती गेले?" तो जो आकडा सांगेल, त्यातला एक तुकडा तुला मागायचाय. नवीन पैसा मागायचाच नाहीये.

आणि द्यायचं काय? घोडीच्या अंगावर झूल असते. यात्रेत तीन दिवस त्या झुलीवर एकाच दुकानाचं नाव. तुझ्या पाठीवर तेच नाव. लोक घोडीसोबत फोटो काढतात, सेल्फी घेतात. प्रत्येक फोटोत नाव जातं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत अर्धं गाव मोबाइल काढून उभं असतं. वर्षभरात तीस-पस्तीस वेळा घोडी माणसांपुढे जाते. तारखा लिही, गावं लिही, अंदाजे किती माणसं होती ते खरं लिही. वाढवून लिहू नकोस. दुकानदार त्याच यात्रेत जाऊन आलेला असतो.

एक अट मात्र मी घातली. वरातीत नाव लावायचं नाही. नवरदेवाच्या घरच्यांनी घोडीचे पैसे दिलेत, त्यांच्या फोटोत खताचं नाव कशाला? नवरदेवाच्या मामाने एकदा जरी आरडाओरडा केला तर पुढच्या हंगामाची गिऱ्हाइकं जातील. लग्नाच्या कपड्यांचा दुकानदार नवरदेवाला काही सवलत देणार असेल तर गोष्ट वेगळी, पण ते आधी घरच्यांना विचारून.

वेळेचंही गणित आहे. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, हळदीचा मार्चपासून पुढे. अडत्याकडे पावसाळ्यात गेलात तर तो "बघू"च म्हणणार. बियाणं-खतवाल्याला नाव पाहिजे खरिपाच्या आधी, मे महिन्यात. कपडेवाल्याला पाहिजे तुळशीच्या लग्नानंतर. पोराने सगळी चौदा पत्रं जुलैमध्ये वाटली होती! जुलैत दुकानदार उधारीच्या वहीत डोकं घालून बसलेला असतो, घोडा कुठला बघतोय.

पैसेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. त्याच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा खुराकाचा. दाल मिलवाल्याने महिन्याला दोन पोती चुनी दिली, तर त्याला ती फारशी जड नाही आणि पोराचा खर्च थेट खाली येतो. मेडिकलवाल्याने जंताचं औषध आणि लस दिली तरी तेच. असा माल घेतला की वहीत त्याची किंमत जमेला लिहा, नाहीतर वर्षाच्या शेवटी कळत नाही की धंदा चाललाय की लोकांची मेहरबानी.

अजून एक गोष्ट आहे आणि ती बोलायला लोक लाजतात. घोड्याच्या खेळापासून चांगला दुकानदार लांब का पळतो? दोन कारणं. सट्टा आणि काठी. परवाना असलेल्या रेसकोर्सबाहेर घोड्यावर पैसे लावणं हा सरळ जुगार आहे. आणि डांबरी रस्त्यावर घोडं पळवून मागून मोटारसायकलवरची पोरं काठी मारतायत, असा एक व्हिडिओ फिरला की प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याच्या कायद्याखाली गुन्हा, आणि झुलीवर त्या दुकानदाराचं नाव! त्याला जन्मभर पुरेल असं. म्हणून मी म्हटलं, शर्यत सोड, चालीवर ये. रेवाल चाल बघायला लोक तेवढेच जमतात, घोड्याचे पाय शाबूत राहतात, जाणकार किंमतही चालीचीच करतात. डीजेच्या भिंतीपुढे घोडी उभी करणं बंद कर. बिथरली आणि कुणाला लाथ बसली तर दवाखान्याचं बिल कोण भरणार? घोडीचा विमा आहे का, विचारलं. नव्हता. एक एकर विकायची तयारी आहे, पण विमा नाही! आपल्या लोकांचं असंच असतं बघा.

यावर एक जण मला म्हणाला, सर, तुम्ही खेळाचा धंदा करून टाकलात, जिद्दीला काही किंमतच ठेवली नाही. मला हे पटत नाही. जिद्द पोराची आहे, खुराक घोडीचा आहे. वहीत पैसे नसले की पहिला कमी होतो तो हरभरा, मग नालबंदाची फेरी पुढे ढकलली जाते, मग घोडी लंगडते. मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढून खेळलेला खेळ मला जिद्द वाटत नाही. दुसरं घोडं वरातीसाठी घेत असता तर मी गप्प बसलो असतो, कारण एकाच मुहूर्ताला दोन लग्नं धरता येतात. पण हा घेणार होता खेळासाठी, म्हणजे वर्षाचा सव्वा लाखाचा खर्च वाढणार आणि जमेला फक्त ढाली.

असो. आम्ही बसून नवीन कागद केला. एकच पान. "मदत" हा शब्द काढला, "हलाखी" काढली. वर घोडीचा झूल घातलेला फोटो आणि झुलीवर कोरी जागा. त्याखाली पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा आणि गावं. मग दर: झुलीवर मुख्य नाव २० हजार, एकालाच. पाठीवर, टेम्पोवर आणि व्हिडिओत छोटी नावं, ५ हजारांनी चौघांना. सगळे मिळाले तर ४० हजार. म्हणजे खेळाचा खर्च निघून वर तेरा हजार. शेवटी एक ओळ, की यात्रा झाल्यावर आठ दिवसांत फोटो, व्हिडिओ आणि गावांची यादी दुकानात आणून देईन. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची, कारण आपल्याकडे पैसे घेतल्यावर परत तोंड दाखवणारा माणूस विरळा. उद्यम नोंदणी करून घेतली, पावती पुस्तक छापलं. पाचशे रुपये देणाऱ्या त्या दुकानदाराकडे सगळ्यात आधी जायचं ठरलं. चौदांत एकट्याने खिशात हात घातला होता, त्याला घोडी आवडली होती हे नक्की.

गेल्या आठवड्यात पोराचा फोन आला. त्या दुकानदाराने कागद दोनदा वाचला म्हणे. मग विचारलं, "वीस हजार एकदम नाही जमायचे. निम्मे आता, निम्मे हळद विकल्यावर, चालतंय का?" पोराने मला विचारलं, काय सांगू?

मी म्हटलं, चालतंय म्हण. पण पहिले दहा माळेगावच्या आधी घे, आणि झूल त्याच्या दुकानासमोर शिवायला टाक.